लीग पुरी होईपर्यंत

आई गेल्यावर आडगावच्या बायका तिला गरीब गाय म्हणू लागल्या, तेव्हा माझं डोकंच फिरलं. साळूबाई कधी कोणाला उलटून बोलली नाही, साळूबाई म्हणजे देवमाणूस, असं सगळं सुरू होतं. मी चहा देत होते म्हणून गप्प बसले. माझी आई गाय वगैरे काही नव्हती. ती पक्की हट्टी बाई होती, आणि तो हट्ट कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये एवढी हुशारीही तिच्याजवळ होती.

आम्ही मूळचे चांदवडकडचे. कांद्याच्या व्यापारात जम बसल्यावर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाशिकच्या वेशीवर आडगावला घर बांधलं. मागे खळं, खळ्याच्या कडेला कांदा साठवायची चाळ. तात्यांना सगळे कारभारी म्हणतात, आणि कारभारी म्हटलं की मार्केटात एकच गोष्ट सांगतात, माणूस शब्दाचा पक्का. तोंडी सौदा झाल्यावर भाव कितीही चढला-उतरला तरी मी मागे फिरलो नाही, हे तात्या स्वतःही जेवताना सांगायचे आणि आम्ही दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचो.

माझ्या धाकट्या भावाचं, योगेशचं लग्न झालं ते दोन हजार एकोणीसच्या शेवटाला. बायको नाशिकचीच, स्नेहल. विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेली आणि योगेशपेक्षा चांगली दोन बोटं उंच. लग्नाच्या फोटोत तो पाटावर उभा आहे, पाट मात्र फोटोग्राफरने कापलाय. अंगाची हळद पुरती उतरली नाही तोच तिला फोन आला. राज्यात मुलींची व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू होणार होती. सहा शहरांचे सहा संघ, खेळायचे पैसे, मोबाइलवर थेट सामने. नाशिकच्या संघात तिची निवड झाली होती.

तात्यांनी सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं. मीही तिथेच होते. माझं सासर पंचवटीत, त्यामुळे माहेरच्या प्रत्येक भांडणाला मी वेळेवर पोचते.

"ही एक लीग खेळून घे," तात्या म्हणाले. "लीग पुरी होईपर्यंत मी एक अक्षर बोलणार नाही. पुरी झाली की खेळ बंद. मग घर बघायचं. हा माझा शब्द."

"चालेल, तात्या," स्नेहल म्हणाली.

ती इतक्या सहज चालेल म्हणाली की मला तिचा रागच आला. दहावीत असताना खो-खोच्या जिल्हा संघात माझं नाव आलं होतं. तेव्हा मला एक लीगसुद्धा मिळाली नव्हती. पोरीच्या जातीला धावणं बास झालं, असं आजी म्हणाली, तात्यांनी मान हलवली, आणि आई भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही.

पहिल्या सामन्याला आईला तात्यांनीच पाठवलं, सुनेचे कपडे कसे असतात ते बघून ये म्हणून. ती पदर घट्ट धरून माझ्याशेजारी बसली. कपडे बघून तिने नाक मुरडलं. मग विचारलं, एवढ्या पोरी एका चेंडूमागं का धावतात, प्रत्येकीला एकएक का देत नाय. दुसऱ्या भागात समोरच्या मुलीने स्नेहलला कोपर मारलं आणि पंचाने शिट्टी वाजवली नाही. आई उठून उभी राहिली. "ओ शिट्टीवाले, डोळे हायत का?" सगळं सभागृह हसलं. ती बसली ती सामना संपेपर्यंत पदर सावरायचा विसरून. घरी गेल्यावर तात्यांनी विचारलं, कपडे कसे आहेत? "घामाचे," ती म्हणाली आणि आत गेली.

मग तिने एकही सामना सोडला नाही. शेंगदाण्याचे लाडू घेऊन जायची. संघातल्या सगळ्या मुली तिला आई म्हणायला लागल्या. मला हेवा वाटायचा. चाळिशीला आलेल्या बाईने असं म्हणू नये, पण वाटायचा.

उपांत्य सामन्याच्या आधी स्नेहलचा घोटा मुरगळला. आई कोणाला न सांगता एसटीने चांदवडला गेली, रेणुकामातेपुढे उभी राहिली आणि नवस बोलून आली. लीग पुरी होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. आमच्याकडे यात फार काही नाही. नवरात्रात नऊ दिवस अर्धं गाव अनवाणी असतं. लीग संपायला तर आठवडाभरच उरला होता.

घोटा बरा झाला. नाशिक उपांत्य सामना जिंकलं. अंतिम सामना आपल्याच शहरात, रविवारी होता. आईने नवीन लुगडं काढून ठेवलं. शुक्रवारी आदेश आला, गर्दी करायची नाही, सगळे खेळ बंद. संध्याकाळी लीगवाल्यांचा मेसेज आला, अंतिम सामना स्थगित, पुढची तारीख कळवू. त्यानंतर काय काय बंद झालं ते सगळ्यांना माहीतच आहे.

आई अनवाणीच राहिली. आधी कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण घराबाहेर कोणी पडतच नव्हतं. पण चैत्र-वैशाखात कांदा निघाला, चाळ भरायची होती, आणि ती तापलेल्या खळ्यावर तशीच फिरत होती. रस्त्याचं डांबर चिकटून तिच्या टाचा काळ्या झाल्या होत्या. तिला साखरेचा आजार. पाय जप म्हणून डॉक्टर दर वेळी सांगायचे.

योगेशने लोखंडी सळईची रिंग करून चाळीच्या खांबावर बसवली. स्नेहल रोज सकाळी खळ्यात खेळायची. चेंडूचा आवाज सुरू झाला की तात्या बाहेर यायचे, काहीतरी बोलायला तोंड उघडायचे, मग त्यांची नजर आईच्या पायांकडे जायची आणि ते आत जाऊन पेपर उघडायचे. तोच पेपर.

पावसाळा संपत आला तरी तारीख आली नाही. एके दिवशी स्नेहलने लीगच्या ऑफिसला फोन लावला. आम्ही सगळे ओसरीवर होतो. फोन स्पीकरवर होता.

"सर, सीझन रद्द झाला असं एकदा जाहीर कराल का?" ती म्हणाली.

पलीकडचा माणूस गोंधळला. "मॅडम, बाकीच्या खेळाडू कधी सुरू करणार म्हणून विचारतात. तुम्ही रद्द करा म्हणताय?"

"हो. मेसेज टाका फक्त. रद्द."

"तसं नाही सांगता येणार. स्थगित आहे. कळवू आम्ही."

तिने नंतर दर महिन्याला फोन केला. सहा शहरांतल्या मुली सामना व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसल्या होत्या, आणि ही एकटी, संघातली सगळ्यात चांगली खेळाडू, आपलाच सामना होऊ नये म्हणून विनवण्या करत होती. सासूच्या टाचांना भेगा पडल्या होत्या म्हणून. तिचा मला राग यायचा, हे वर सांगितलंच. तो त्या पावसाळ्यात गेला.

दिवाळीत देवळं उघडली तशी मी आईला धरून चांदवडला नेलं. पुजाऱ्यांना सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, देवीला कळतं हो, रोगराईचं वर्ष आहे, ओटी भरा आणि घाला चप्पल. मी पिशवीतून नवी चप्पल काढून आईच्या पायांपाशी ठेवली. तिने ती उचलली आणि परत पिशवीत घातली.

पायऱ्यांवर बसवून मी तिला बडबड बडबड बडबडले. देवी हो म्हणते, पुजारी हो म्हणतात, तुझंच काय मधे?

"देवीचं कधीच फिटलं," आई म्हणाली. "पोरगी बरी झाली, तिथं फिटलं."

"मग?"

"मी चप्पल घातली की तुझा बाप दुसऱ्या दिवशी म्हनंल, लीग संपली. मी अशी फिरते तवर त्याला ते म्हनता येत नाय. तेवढं लाजतो तो मला."

 मग जे इतकी वर्षं गिळलं होतं ते तोंडातून गेलं. "माझ्या वेळी नाही सुचलं तुला हे."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पायावरची धूळ झटकत म्हणाली, "तवा घरात माझी सासू व्हती, रोशने. मी नव्हते."

 परतताना एसटीत तिने माझा हात धरून ठेवला होता, माझी मुलगी लहानपणी धरायची तसा.

पोटात काही ठेवणं मला जमत नाही. मी त्याच संध्याकाळी स्नेहलला सगळं सांगून टाकलं. ती ऐकून घेऊन उठली, चेंडूतली हवा काढली आणि तो कोठीत टाकला. रात्री जेवताना म्हणाली, "तात्या, लीग संपली."

तात्यांचा घास थांबला. त्यांच्या आधी आई बोलली. "कोन म्हनतं? फोन आला का त्यांचा?"

"आला का?" तात्यांनी विचारलं.

स्नेहलला खोटं बोलता येत नाही, निदान आईसमोर तरी येत नव्हतं. ती म्हणाली, "नाही."

"मग नाही संपली," तात्या म्हणाले आणि आमटी मागितली. शब्दाचा माणूस. दुसऱ्या दिवशी आईने योगेशकडून चेंडूत हवा भरून घेतली आणि तो स्नेहलच्या हातात दिला. "पाय माझे हायत," ती म्हणाली. "तू तुझं बघ."

शिमग्याच्या सुमाराला तिच्या तळपायात बाभळीचा काटा गेला. तिला कळलंच नाही. साखरेमुळे पायाला संवेदना उरली नव्हती. फरशीवर डाग दिसले तेव्हा स्नेहलने पाय उलटा करून पाहिला. काटा निघाला, जखम भरेना. करंगळी काळी पडली, ती काढावी लागली. डॉक्टरांनी मऊ तळाची खास चप्पल लिहून दिली. ती खोक्यातच राहिली. स्नेहल तिच्या पायांशी बसून रडली, योगेश ओरडला, मी बोलणं टाकलं.  तात्या तेवढे खळ्याच्या कडेला उभे राहून तिच्या पट्टीकडे बघत राहायचे.

दुसरी लाट आली तेव्हा तिला ताप भरला. पाय गुडघ्यापर्यंत सुजला. आम्ही गाडी घेऊन शहरभर फिरलो. जिथे जावं तिथे श्वास लागलेली माणसं दारात पडलेली, त्यात पायाच्या जखमेला जागा कुठून मिळणार? दोष कोणाला द्यायचा? मागच्या सीटवर आईचं डोकं स्नेहलच्या मांडीवर होतं. एका सिग्नलला तिने डोळे उघडले.

"आज प्रॅक्टिस बुडली का गं?" तिने विचारलं.

"नाही आई. सकाळीच केली."

"मंग बरं."

बेड मिळाला, पण तोवर विष अंगभर चढलं होतं. ती पहाटेच गेली.

दशक्रिया गोदावरीवर केली. चारच माणसांना परवानगी होती, म्हणून आम्ही चौघंच. गुरुजींनी मास्कमधून एकेक वस्तू मागितली. छत्री झाली, तांब्या झाला. मग म्हणाले, चप्पल द्या. गेलेल्या माणसाची वाट तापलेली असते, दिलेली चप्पल त्याच्या पायात जाते.

तात्यांनी पिशवीतून नवी कोरी चप्पल काढली. त्यांनी ती एकट्याने जाऊन आणली होती, दुकानं बंद असताना कुठून ते विचारायचा मला धीर झाला नाही. चप्पल हातात धरून ते तसेच बसले. पुढे करेनात. गुरुजींनी दोनदा मागितली.

मग त्यांनी स्नेहलकडे पाहिलं. "ती अशी घ्यायची नाही," ते म्हणाले.  "नवस पुरा व्हायला पाहिजे. लीग संपली का, सूनबाई?"

मी स्नेहलकडे बघत होते. आई कशासाठी अनवाणी फिरली हे तिला ठाऊक होतं. हो म्हटलं की काय जाणार तेही ठाऊक होतं. नाही म्हण, असं मला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी आईचा तो पट्टी बांधलेला पाय तापल्या वाटेवर दिसत होता. फोन आला का, असं विचारणारं आता कोणी नव्हतं.

"संपली, तात्या," स्नेहल म्हणाली. "तुम्ही द्या चप्पल."

तात्यांनी चप्पल पुढे केली. आई गेल्यापासून स्नेहल रडली नव्हती. तिथे पायरीवर बसून इतकी रडली की योगेशला तिला उचलून न्यावं लागलं.

याला आता काही वर्षं झाली. तात्यांनी तिला तिच्या शब्दाची आठवण कधी करून दिली नाही, आणि त्यातून मोकळंही केलं नाही. तिनेही मागितलं नाही. सळईची ती रिंग स्नेहलनेच उतरवून भंगारवाल्याला दिली. मला दोघांचाही राग येतो आणि दोघांसाठी मी आठवड्यातून दोनदा डबा घेऊन जाते.

लीगवाल्यांचं अजून काही कळलेलं नाही. त्यांच्या लेखी सामना स्थगितच आहे.