दुसऱ्याचं वाक्य

आमच्या शाळेतला क्लार्क समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देत नाही. आपण "मला जरा..." म्हणतो, तोवर "रजा पाहिजे, बराबर?" म्हणून तो मोकळा.

नववीतल्या, तांड्यावरच्या एका हुशार मुलीसाठी मी परदेशातल्या शाळेत वर्षभर शिकायची, परवडेल अशी सोय शोधत होते. एका संस्थेची सापडली, सगळा खर्च त्यांचाच. तांड्यावर रेंज नसते, म्हणून शाळेचा नंबर दिला. निवडीचा फोन आला, तो यानेच उचलला. "ती लोकं ऊसतोडीला गेली. पोरगी न्हाई येऊ शकत," असं सांगून ठेवूनही दिला.

घरचे गेले होते खरे. पण या फोनसाठीच मुलगी चुलत्याकडे मागे राहिली होती, आणि त्या वेळी भिंतीपलीकडच्या वर्गात बसली होती. जागा दुसऱ्याला गेली.

"तिला नुसती हाक मारायची होती," मी म्हणाले.

"दरसाल जातेतच की, मॅडम. मला वाटलं, औंदाबी गेली असंल."

मी पुढे बोलायला तोंड उघडलं.

"राग आला असंल तुमाला, बराबर?" तो म्हणाला, आणि मान डोलावून पुढच्या कामाला लागला.