आरसा पुसणार कोण?

धुरपताबाई कंदीलवाली सरकारी राकेल चोरून विकते आणि त्यावर तिनं गंगाखेडला पत्र्याचं घर बांधलंय, असं पाथरीत कुणीही सांगेल. बन्सीधर शेठ तर हे सांगताना हातातला तराजू खाली ठेवतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "अहो, लुगड्याचा वास घ्या की. आणखी काय पुरावा पायजे?"

वास येतो, हे खरं. रोज दिवेलागणीला खांबाखांबाला शिडी लावून कंदिलांत राकेल ओतणाऱ्या बाईच्या लुगड्याला केवड्याचा वास कुठून येणार? गंगाखेडला तिचं घर नाही. एक नणंद आहे, आणि तिच्याशी हिचं बोलणं नाही. धुरपताबाई राकेल विकत नाही. लपवते. ही गोष्ट वेगळी, आणि ती मला ठाऊक आहे, कारण आमच्या परसाची भिंत तिच्या भिंतीला लागून आहे आणि माझे कान चांगले आहेत.

शिडी सरकारी, आधी ती तिच्या नवऱ्याकडं होती. तो पटकीत गेला. एवढ्याशा पगारात शिडी उचलायला दुसरं कुणी तयार होईना, तेव्हा हिनं कासोटा घट्ट केला आणि चढली. सुरुवातीला बायका दारं लावून घेत, बाप्ये मान खाली घालून जात. मग गावाला तिची सवय झाली. तिला मात्र गावाची झाली नाही. वारा सुटला तर तो मुद्दाम सुटला. काच तडकली तर ती कुणीतरी तसलीच पाठवली. कुणी "कशी हायस, धुरपता?" विचारलं, तर ती आधी त्याच्या हातांकडं बघते, मग तोंडाकडं, आणि म्हणते, "का?"

हा "का" मला फार छान जमतो. खालचा ओठ पुढं, भुवई एकच वर. त्यावर आमचे नानासुद्धा एकदा हसले होते. नाना म्हणजे माझे वडील, शाळेतले अनंतराव मास्तर; शाळेत त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही.

तिचा सगळ्यात मोठा संशय चंद्रावर. गावचा नियम असा, की चांदण्याच्या रात्री कंदिलांना राकेल मिळत नाही. चांदणं कुठल्या रात्री, ते दत्तोपंत जोशी सांगतात, आणि ते आभाळात बघून नाही, पंचांगात बघून सांगतात. श्रावणात ढगांनी आभाळ शिवून टाकलेलं असलं तरी पंचांगात चांदणं म्हणजे चांदणं. गाव ठेचकाळत घरी जातं आणि शिव्या देतं ते चंद्राला नाही, जोशांना नाही, कंदीलवालीला. म्हणून अंधाऱ्या पंधरवड्यात शेवटचा माणूस घरात शिरला की धुरपताबाई वाती विझवते आणि उरलेलं राकेल बाटल्यांत भरून ठेवते, ढगाळ चांदण्यासाठी. सगळ्या बाटल्या एका ठिकाणी नाहीत. एका ठिकाणावर तिचा विश्वास नाही.

यंदा जर्मन हरल्यावर, ऐन पावसाळ्यात, नाना बन्सीधर शेठच्या ओट्यावर एक शिळा पेपर मोठ्यानं वाचत होते. खालच्या खांबाला शिडी लावून धुरपताबाई काच पुसत होती.

"जर्मन शास्त्रज्ञांचा," नाना वाचत होते ('शास्त्रज्ञ' म्हणताना ते चष्मा वर करतात), "असा बेत होता की आभाळाच्याही वर एक प्रचंड आरसा सोडावा. तो पृथ्वीभोवती फिरत राहील आणि तिकडचं ऊन धरून रात्री इकडच्या शहरांवर पाडील. मनात आलं तर त्याच उन्हानं शत्रूचं शहर जाळताही येईल."

दिनकरराव दरोगा तिथंच पान लावत होते. गावच्या कंदिलांचा कारभार त्यांच्याकडं. घरी ते मराठी बोलतात, कचेरीत उर्दू, आणि चारचौघांत दोन्हींची खिचडी. "वाह! क्या दिमाग!" ते म्हणाले. "सुना, धुरपता? वर एक आरसा, खाली सगळं रोशन. ना राकेल, ना शिडी!"

धुरपताबाईनं फडकं थांबवलं. "त्यो आरसा पुसनार कोन?"

"आँ?"

"काच हाय न्हवं? काच काळी पडती. पुसनार कोन? अन् फिरवनार कोन? हितं एकाचा गडी येतोय, आमच्या दारात कंदील लाव म्हनून. दुसरा येतोय, आमच्या दारातला इजव म्हनून. वरी बसलेल्याकडं कोन कोन जात असंल?"

"अगं, आरसा झालाच नाही," नाना म्हणाले. "जर्मन हरला ना."

"हरला? मग हरलेल्याचं सामान कुनी नेलं?"

नानांनी पेपर उलटून पाहिला. ते त्यात छापलेलं नव्हतं.

ओटा हसला. दिनकररावही हसले, पिंक टाकली आणि मग हसायचे थांबले. "मजाक सोड, धुरपता. राकेल मिळेनासं झालंय. खर्च कमी करा म्हणून वरून तगादा आहे. या अमावास्येला शिडी कचेरीत जमा कर. तुझं काम खलास."

"का?" ती म्हणाली. त्या 'का'ला मी हसले नाही. तिला शेत नाही, लेक नाही, माहेर नाही. शिडी आहे.

त्याच आठवड्यात बाजाराचा दिवस आला. पंचांगात चांदणं, वर काळंकुट्ट आभाळ. खेड्यांवरच्या गाड्या जुंपायच्या होत्या आणि बैल दिसत नव्हते. अशात बाजारगल्लीतले सगळे कंदील पेटले.

"मावशी," मी भिंतीवरून म्हटलं, "आता तरी गप बसायचं होतं की."

"अंधारात कुनी पडलं तर त्यो दिनकरराव काय म्हनंल? कंदीलवाली असून काय उपेग? त्येला तेवढंच पायजे, कावेरे."

सकाळी दिनकरराव बाजारगल्लीत हजर. "काल कंदील जळले. तेल मी दिलेलं नाही. मग आलं कुठून? बोल!" चोरी ठरली तर शिडी तर जाईलच, वर ठाण्याची वाट दाखवतील, हे सगळ्यांना कळत होतं.

"कंदील?" धुरपताबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. "कुनी लावले?"

"अख्ख्या बाजारानं उजेड पाहिला!"

"उजेड व्हता. मी कुठं न्हाई म्हनलं? त्यो आरशाचा असंल."

"कसला आरसा?"

"तुमीच म्हनलाव न्हवं का, साब? वर आरसा, खाली समदं रोशन."

दिनकररावांचं पान तोंडातच राहिलं. माळवं विकणारी पार्वतीबाई पुढं सरसावली. "आरसाच त्यो! माजे तर डोळे दिपले, बया. वांगं जांबळं का काळं, समदं दिसायलं व्हतं."

बन्सीधर शेठचा काल उशिरापर्यंत गूळ विकला गेला होता. त्यांनी तराजू खाली ठेवला. "वर काहीतरी चमकलं खरं. मी पाहिलं."

"मास्तर, आप तो पढे-लिखे! तुम्ही सांगा," दिनकरराव म्हणाले.

नाना खोकले. चष्मा वर केला. "शास्त्रीयदृष्ट्या," ते म्हणाले, "अगदीच अशक्य असं म्हणता येणार नाही." नाना जन्मात कधी खोटं बोललेले नाहीत, आणि हेही तसं खोटं नव्हतं.

दिनकरराव लालबुंद. "ठीक! पंचांगात आजही चांदणं आहे. शाम को मी स्वतः इथं उभा राहतो. आरसा दिसला तर दिसला. नाही दिसला तर तू चोर, शिडी आजच जमा!"

दुपारी मी तिला म्हटलं, "मावशी, शिडी गेली तुझी."

"न्हाई जात."

"कशी नाही? कंदील लावलेस तर तेल सापडेल. नाही लावलेस तर आरसा कुठून आणशील?"

"आज एक वात पेटायची न्हाई त्येच्या हुकमाबिगर. तेल त्योच दील. लाव पैज."

पैज लागली. शिडी गेली तर तिच्या बाटल्या कुठं कुठं आहेत, ते ती मला सांगणार. शिडी राहिली तर अख्खा अंधारा पंधरवडा मी तिच्या काचा पुसणार, आणि पुसताना कुणाच्याही आवाजाची नक्कल करणार नाही.

संध्याकाळी ढग इतके खाली, की हात लावावा. दिनकरराव गल्लीच्या मधोमध मान वर करून उभे. आम्ही ओट्यावर. गुरं परत येण्याची वेळ ती. कुणाची तरी म्हैस अंधारातून आली, दिनकरराव वर बघत बघतच दोन पावलं मागं सरले, आणि मग नुसता आवाज आला. गल्लीच्या कडेच्या मोरीत गुडघाभर गाळ असतो.

"या अल्ला! अरे देवा! कंदील! धुरपता, कंदील लाव!"

अंधारातून शांत आवाज आला, "चांदणं हाय, साब. चांदण्याला हुकूम न्हाई."

"मी देतो हुकूम!"

"तेल न्हाई, साब."

"माझ्या घरून आण! माझ्या नावानं माग!"

"मोठ्यानं म्हना, साब. समद्यांला ऐकू जाऊ द्या."

दिनकररावांनी मोरीतून ते सगळं पुन्हा, मोठ्यानं, आणि यावेळी शुद्ध मराठीत म्हटलं. मग त्यांच्या घरून बाटली आली, आणि तेव्हाच शिडीचा आवाज आला. पहिला कंदील मोरीजवळचा पेटला, आणि त्या उजेडात दरोगासाहेब जसे दिसले, तसे पाहिल्यावर आरशाची गोष्ट काढायचं धैर्य कुणालाच झालं नाही, त्यांनाही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगून पाठवलं, की आभाळ आलं तर पंचांग बघू नये, आणि शिडी आहे तिथंच राहू द्यावी.

त्यांच्या घरून आलेल्या राकेलची बाटली धुरपताबाईनं हुंगली, हलवली, उजेडात धरली. "पानी न्हाई," ती म्हणाली. "मग दुसरं कायतरी असंल."

रोज शिडीवरून उतरताना ती अजून एकदा वर बघते. तिचं म्हणणं, आरसा लावलेला आहे. नुसता झाकून ठेवलाय.

अंधारा पंधरवडा सुरू झालाय. माझा हात बारीक, काचेत थेट तळापर्यंत जातो, म्हणून आतली काजळी माझ्या वाट्याला. ती समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत असते. काचेत तोंड घालून बोललं की आवाज हुबेहूब दिनकररावांसारखा घुमतो, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पण पैज म्हणजे पैज.