मंदारचं लपवायचं पिस्तूल

किस्से गोळा करायला लोक म्हणे गावोगाव फिरतात. नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या आमच्या गावातल्या चार मराठी कुटुंबांच्या ग्रुपला तशी गरजच नाही. एकाची बदली होऊ दे, किस्से आपोआप साठत जातात. आणि निस्तरायला मी आहेच!

या वेळी बदली मंदारची. आइंडहोवनच्या ऑफिसातून थेट टेक्सासला, तीन वर्षांसाठी. विमानाचं तिकीट निघायच्या आधीच त्याने ठरवून टाकलं, की तिकडे गेल्यावर एक छोटं पिस्तूल घ्यायचं आणि शर्टाखाली लपवून बाळगायचं. मी इथल्या एका नेमबाजी क्लबचा मेंबर आहे. महिन्यातले दोन रविवार कागदाला भोकं पाडतो, बास. पण तेवढ्यावर मंदारने मला तज्ज्ञ करून टाकलं.

त्याच्या बायकोने, केतकीने, एकच अट घातली होती. "रेवाच्या हाताला ते कधीच लागणार नाही, हे मला करून दाखव. नाहीतर तू एकटा जा, आम्ही दोघी इथेच राहू." रेवा म्हणजे त्यांची सहा वर्षांची मुलगी. केतकी गंमत करत नव्हती. हे मंदार सोडून आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

*

मंदार काहीही घेताना आधी एक्सेल शीट बनवतो. पिस्तुलाचीही बनवली. वजन, लांबी, जाडी, गोळ्या किती मावतात, असे चौदा कॉलम! प्रत्येकाला मार्क, खाली बेरीज. मी पुढे सरकत सरकत शेवटच्या कॉलमवर गेलो. तिथे लिहिलं होतं, "एक्स्चेंज ऑफर?"

"अरे, फ्रिज घेतोयस का?" मी ओरडलो.

"तू फक्त रिव्ह्यू दे. इमोशनल होऊ नकोस," म्हणाला.

*

मग मागे लागला, "एकदा तुझ्या क्लबला ने." मी मूर्ख, पाहुणा म्हणून घेऊन गेलो. आमचे इन्स्ट्रक्टर विम, सत्तरीचे, फार शिस्तीचे. या देशात पिस्तूल क्लबपर्यंत न्यायचं तरी पेटीत कुलूप लावून न्यावं लागतं. अंगावर बाळगायचा विषयच नाही. मी गाडीत मंदारला तीनदा बजावलं होतं, "तिथे लपवायचं नाव काढू नकोस."

हात मिळवल्या मिळवल्या त्याने पहिला प्रश्न विचारला, "शर्टाखाली लपवायला सगळ्यात चांगलं कुठलं?"

विम शांतपणे म्हणाले, "आम्ही इथे कागदावर नेम धरतो. कागदापासून काय लपवणार?"

पुढच्याच आठवड्यात मला कमिटीचं बोलावणं आलं. मंदारला नाही, मला! पाऊण तास बसून समजावलं की माझा मित्र साधा इंजिनिअर आहे आणि त्याला फक्त तुलना करायची सवय आहे.

*

शीटमध्ये पहिलं आलेलं पिस्तूल पाऊण किलोच्या आसपासचं. ते दिवसभर कमरेला झेपेल का, याची म्हणे ट्रायल घ्यायची होती. साहेबांनी काट्यावर मोजून तूरडाळ घेतली, पातळ पिशवीत भरली, पँटमध्ये खोचली आणि वरून झब्बा घातला. आणि ट्रायलसाठी दिवस कुठला निवडला? आमच्या घरच्या सत्यनारायणाचा!

आरती झाली. मंदार नमस्काराला वाकला आणि पिशवी फाटली. उजव्या पायातून डाळ सुरू झाली ती थांबेचना. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई चष्मा सावरून बघत राहिल्या.

"अरे मंदार, नवसाची आहे का? मग ताटात तरी वाहा!"

केतकीने निमूटपणे केर काढला. नंतर मला स्वयंपाकघरात म्हणाली, "पिस्तूल कॉम्पॅक्ट हवंय म्हणे याला. आधी पोट कॉम्पॅक्ट कर म्हणावं." बोलली हसत, पण डोळे भरले होते. मला मंदारचा फार राग आला त्या दिवशी.

*

मागच्या शनिवारी मंदारने आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. सोमवारी व्हिसाचा फॉर्म द्यायचा होता. तिघांची नावं भरलेला फॉर्म टेबलावर, आणि शेजारी एक छोटी स्टीलची तिजोरी, नंबरच्या कुलपाची. पंधरा दिवस ती बेडरूममधल्या कपाटावर ठेवली होती, असं त्याने सांगितलं. रिकामीच, फक्त सवय म्हणून.

"चार आकडे. फक्त मला माहीत. रेवाचा हात वर पोहोचत नाही, आणि पोहोचला तरी उघडणार नाही. केतकी, तू म्हणालीस ना करून दाखव? बघ!"

केतकी हाताची घडी घालून उभी होती. आम्ही सगळे पुढे झुकलो. मंदारने आकडे दाबले, खटका वाजला, झाकण उघडलं.

आत टिश्यूच्या घडीवर एक दुधाचा दात होता.

सोफ्यावरून रेवा पळत आली. हसली तेव्हा समोरची फट दिसली.

"पापा, यू सेड नोबडी कॅन ओपन इट," ती म्हणाली. "सो आय पुट इट देअर."

केतकीने फॉर्म जवळ ओढला आणि माझ्यापुढे हात केला.

"प्रसाद, पेन दे. दोन नावं खोडायचीयत."