वांगी रंगाचा स्वेटर

काकूंनी विणायला घेतलेला स्वेटर त्याच हिवाळ्यात पुरा झाला, असं त्यांच्या घरात कुणाच्याही आठवणीत नव्हतं. दिवाळी झाली की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली यायची, डांबरगोळ्यांचा वास घरभर व्हायचा आणि पेटीतून गेल्या वर्षीचं अर्धं विणलेलं काहीतरी बाहेर निघायचं. हे आपण कुणासाठी घेतलं होतं, हे आठवायला काकूंना कधीकधी दोन दिवस लागायचे. मग होळीपर्यंत ते विणलं जायचं, उसवलं जायचं, पुन्हा विणलं जायचं आणि ऊन तापायला लागलं की परत पेटीत. काका म्हणायचे, सरकारी पूल आणि हिचा स्वेटर यांच्या उद्घाटनाची तारीख कुणी विचारू नये. त्यांनी स्वतः सगळा जन्म केंद्र सरकारच्या नोकरीत काढला होता, तेव्हा तो अधिकार त्यांना होताच.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी दिल्लीत आले आणि करोल बागेतल्या त्यांच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहिले. दिल्लीत अशा खोलीला बरसाती म्हणतात. खोली माझी आणि गच्ची काकूंची, अशी वाटणी होती. प्रत्यक्षात नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्ही काकूंचीच असायची, कारण ऊन तिथे. वेताची खुर्ची माझ्या दारासमोर, पायाशी मटारची परात, मांडीवर लोकर. रविवारी सकाळी दार उघडलं की पहिलं दर्शन त्यांच्या पाठीचं आणि सैल अंबाड्याचं. मागे न बघताच म्हणायच्या, "उठलीस? चहा खाली झाकून ठेवलाय, माझाही घेऊन ये."

विणकाम त्या शिकल्या लग्न होऊन दिल्लीला आल्यावर. माहेर रत्नागिरीकडचं. तिकडे लोकर कुणाला ठाऊक? पहिल्या हिवाळ्यात नुसत्या शालीत कुडकुडताना समोरच्या घरातल्या पंजाबी आंटींनी त्यांना बघितलं आणि हातात दोन सुया दिल्या. त्यामुळे काकूंचं एरवीचं मराठी अगदी स्वच्छ, पण सुया हातात आल्या की भाषा बदलायची. टाका नाही, फंदा. सुई नाही, सलाई. "एक फंदा सीधा, दोन उलटे, मग जाळी. बिल्कुल सोपं आहे," असं त्या मला सांगायच्या. मराठीत विणकाम कसं शिकवतात ते मला ठाऊकच नाही, असं म्हणून हसायच्या. मला ते सोपं कधी वाटलं नाही आणि त्यांनीही फार आग्रह धरला नाही.

आंटींच्या हाताला वेग होता. गप्पा मारता मारता, समोर न बघता त्यांचा एक पल्ला, म्हणजे स्वेटरची अख्खी पुढची किंवा मागची बाजू, दुपारभरात व्हायचा. काकूंचं तसं नव्हतं. एक ओळ विणेपर्यंत त्यांना चार वेळा उठावं लागायचं. नळाला पाणी आलं, मोटर लाव. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कर. काकांची रक्तदाबाची गोळी. धोबी. निखिलला, म्हणजे त्यांच्या मुलाला, समोर ठेवलेला टॉवेल सापडत नसे. "एवढी सलाई होऊ दे," म्हणजे एवढी ओळ, असं त्या प्रत्येकाला सांगायच्या आणि सलाई होण्याआधीच उठायच्या. परत आल्यावर उलटा चालू होता की सीधा हे आठवायचं नाही. अंदाजानं पुढे जायचं आणि आठ ओळींनंतर चूक दिसली की उसवायचं. त्या घरात वाटेल तेव्हा खाली ठेवता येईल असं हे एकच काम होतं, म्हणून ते कायम खाली ठेवलं जायचं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मीही त्यांना हाका मारणाऱ्यांतलीच एक होते.

या संथपणाचे परिणाम घरातल्या सगळ्यांनी अंगावर वागवले होते. निखिल सातवीत असताना घेतलेला स्वेटर झाला तेव्हा तो नववीत होता. तो नागपूरच्या भाच्याला गेला. मग काकूंनी युक्ती काढली. वाढत्या अंगाचं शिवायची आपल्याकडे रीतच आहे. त्यांनी पुढच्या हिवाळ्यातला निखिल डोळ्यांसमोर आणला आणि त्याच्या मापानं टाके घातले. त्या वर्षी पोरगं असं काही वाढलं, की तोही भाच्यालाच गेला. काकांच्या स्वेटरची लोकर लागेल तशी आणल्यामुळे पाठ एका निळ्याची आणि पोट दुसऱ्या निळ्याचं झालं होतं. काका तो घालून खुशाल ऑफिसला जात. समोरून येणारा पाठ बघत नाही आणि मागून येणारा पोट बघत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माप घ्यायची काकूंची पद्धत त्यांची स्वतःची होती. घरात टेप होता, पण तो पडद्यांसाठी. माणसाचं माप त्या वितीनं घ्यायच्या. पाठमोरं उभं करायचं, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वीत टेकवत न्यायची, वर उरली ती बोटं मोजायची. "टेपनं माप घेतलं की स्वेटर टेपला बसतो," असं त्या म्हणायच्या. वितीनं घेतलेल्या मापाचाही कुणाला बसला नव्हता, पण हे त्यांना तोंडावर सांगायची हिंमत फक्त काकांत होती.

माझा स्वेटर त्यांनी मी आल्याच्या पहिल्या हिवाळ्यातच घेतला. साताऱ्याहून आणलेला माझा पातळ स्वेटर चिमटीत धरून त्यांनी विचारलं की हा काय पावसाळ्यात घालतेस का. मला राखाडी रंग हवा होता, ऑफिसला चालेलसा. काकू म्हणाल्या, "दिल्लीचं आभाळ चार महिने राखाडीच असतं. तू तरी कशाला?" आणि बाजारातून वांगी रंगाची लोकर घेऊन आल्या. काकांच्या दोन निळ्यांचा धडा घेऊन या वेळी एकदमच आणली, वर चार गुंडे जास्तीचे. रंग मला मुळीच आवडला नव्हता. मी छान आहे म्हटलं आणि त्यांनी मला पाठमोरं उभं केलं.

जानेवारीत मला ताप आला. तीन दिवस काकू गच्ची सोडून माझ्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या. खालून हाका आल्या तर वरूनच सांगायच्या, "अनूला ताप आहे, मी उठणार नाही." माझ्या कपाळावर पट्टी ठेवायच्या, एक सलाई विणायच्या, पट्टी बदलायच्या. मला ग्लानीत सुयांचा बारीक आवाज ऐकू यायचा आणि घरापासून इतक्या लांब आपण एकटे नाही, एवढं त्यातही समजायचं. त्या तीन दिवसांत मागचा पल्ला वीतभर वाढला. मी बरी झाले आणि स्वेटर थांबला. तू अशी अधूनमधून आजारी पडत जा, म्हणजे माझी कामं होतात, असं त्या नंतर कितीतरी दिवस चिडवत होत्या.

तीन हिवाळे मी तिथे काढले. मग लग्न झालं आणि गुडगावला आले. निघताना काकू म्हणाल्या की मागचा पल्ला झालाय, पुढच्यासाठी माप द्यायला ये. मी पुढच्याच रविवारी गेले. त्यांनी माप घेतलं, गाजर हलवा खाऊ घातला, डबा भरून दिला. सुरुवातीला महिन्यातून एकदा जायची. मग दिवाळी आणि संक्रांतीला. मुलगी वर्षाची झाली तेव्हा तिला दाखवायला गेले आणि त्यानंतर जाणं झालंच नाही. काका गेले तेव्हा करोनामुळे सगळं बंद होतं. आम्ही दोघी फोनवर रडलो. पुढे सगळं उघडलं तरी माझं जाणं बंदच राहिलं.

मेट्रोनं सव्वा तासाचा रस्ता. राजीव चौकला एकदा बदलायचं. मी साताऱ्याला आईकडे वर्षातून दोनदा जात होते, पण करोल बागेला जायला मला रविवार मिळत नव्हता. कधी मुलीची परीक्षा, कधी धुकं, कधी हवा इतकी वाईट की बाहेर पडू नका म्हणून सांगतात. कारणं सगळी खरी होती. त्यामुळेच ती द्यायला सोपं जायचं.

काकूंनी कधी तक्रार केली नाही. दर पंधरा दिवसांनी फोन यायचा आणि त्यात स्वेटरचा अहवाल असायचा. गळ्यापर्यंत आले. एक बाही झाली. मग एकदा सांगितलं, "मागचा पल्ला उसवला गं, दहा फंदे वाढवून पुन्हा घेतलाय." मी म्हणायची, काकू, कशाला त्रास घेता? त्या म्हणायच्या, "त्रास कसला. तू एकदा माप द्यायला ये, म्हणजे पुढचं करते." मी म्हणायची, पुढच्या रविवारी नक्की. "अच्छा," असं म्हणून त्या फोन ठेवायच्या.

एकदा मी अगदी हुशारी केली. नवऱ्याला टेप धरायला लावला, खांदा, छाती, बाही, उंची सगळं इंचांत लिहिलं आणि कागदाचा फोटो काढून काकूंच्या फोनवर पाठवला. आता यांचा स्वेटर अडायचं कारण नाही, असं वाटून मी खूश होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "मला नाही कळत इंच-बिंच. तू आपली ये." मला त्यांच्या हट्टाचा थोडा रागच आला. नवऱ्यालाही मी तसं बोलून दाखवलं.

गेल्या हिवाळ्यात, डिसेंबर सरता सरता, त्यांनी फोनवर सांगितलं की झाला एकदाचा. फंदे बंद केले, बटणंसुद्धा लावली. मी म्हटलं, अरे वा, माप न घेताच? त्यावर त्या नुसत्या हसल्या. नेहमीसारखं 'ये' म्हणाल्या नाहीत आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. आता माप द्यायला जायचं राहिलं नव्हतं. तयार स्वेटर काय, केव्हाही आणता आला असता.

तीन आठवड्यांनी निखिलच्या बायकोचा, रितूचा फोन आला. सकाळी काकू उठल्याच नव्हत्या. त्या दिवशी दाट धुकं होतं आणि शनिवार असल्यामुळे मुलीची शाळेतली स्पर्धा होती. मी सव्वा तासात पोचले.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर रितू मला वर घेऊन गेली. बरसातीत आता जुनं सामान ठेवलेलं होतं. तिनं कपाटातून मलमलीच्या ओढणीत गुंडाळलेला स्वेटर काढला आणि मला घालून बघायला सांगितलं. माझी तयारी होती. काकूंचा स्वेटर, तोही सहा वर्षांत मला बघितलेलं नसताना केलेला. मी साताऱ्याहून आले तेव्हा काडीसारखी होते आणि आता तशी राहिलेली नाही. खांद्यात अडकेल, बटणं लागणार नाहीत, हे धरूनच मी हात घातले.

बटणं लागली. खांदे जिथे हवे तिथे आले, बाही मनगटाशी थांबली, कमरेला जी थोडी ढील लागते तेवढीच होती. बाजारातून घेतलेला एकही स्वेटर मला असा बसलेला नाही. मी रितूला विचारलं की त्यांनी माप कुणाचं घेतलं.

रितू म्हणाली, "कुणाचंच नाही, अनूताई. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तुमचा फोटो बदलला की मोठा करून बघायच्या. म्हणायच्या, आता अशी झाली असेल. तुमच्या डिलिव्हरीनंतर दोन्ही पल्ले उसवून मोठे केले. मागच्या वर्षी पुन्हा थोडे. तो तसा तयारच होता हो, कधीचा."

मग एक पाऊल मागे सरून तिनं मला बघितलं आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "बघा ना, माप घेऊन केल्यासारखा बसलाय."

मी तिथेच एका ट्रंकेवर बसले आणि रितूला वाटलं की स्वेटर बघून मला भरून आलं. भरून आलं होतंच, पण मला तो बसायला नको होता. कुठेतरी तंग असता, एक बाही आखूड असती, तर मी गेले नाही म्हणून स्वेटर चुकला, एवढ्यावर मला सुटता आलं असतं. पण माझं माप त्यांच्यापाशी सगळी वर्षं होतं. मी फक्त जायला हवं होतं.