जिते का मेलेले

रिपोर्ट हातात आला की आमच्या सरोदे मॅडम तो टेबलावर पालथा ठेवत. "पयले तू बोल, मंग ह्या कागदाले इचारू," असं पेशंटला म्हणत. मॅडम मूळच्या अकोल्याच्या, जठारपेठेतल्या. अमरावतीच्या क्षयरोग विभागात त्या डॉक्टर, मी समुपदेशक. बाहेर ही एवढी रांग आणि बाईंचं आपलं निवांत ऐकणं चाललेलं! मी जाम चिडायची. मागच्या वर्षी त्या वारल्या. आता चिडायचं तरी कोणावर?

अचलपूरची वंदना आली ती सासूबरोबर, कडेवर वर्षाची पोर. खोकला होता. मशीनच्या रिपोर्टमध्ये क्षयाच्या जंतूंची अगदी पुसट खूण निघाली होती. मॅडमनी बोलतं केल्यावर कळलं, लग्नाआधी तिचा क्षयाचा पूर्ण कोर्स झालेला होता.

"हाये का नाई, एवढंच सांगा," सासू म्हणाली.

"मावशी, हे मशीन मेलेल्या जंतूचीबी खूण पकडते. जुने मेलेले हायेत का आता जिते, थे मले आज सांगता येत नाई. बेडका कल्चरले लावतो, जिते असतीन तं वाढतीन. तवर मास्क लावून लेकराले पाजू द्या."

"म्हंजे तुमालेच म्हाइत नाई!" सासूने पोर ओढून घेतली. वंदनाची रवानगी माहेरी, भातकुलीला.

मी संतापले. "नाही म्हणून टाकायचं होतं ना मॅडम! निदान पोर तरी आईजवळ राहिली असती."

"अन् जिते निंगाले असते तं?" मॅडम एवढंच बोलल्या.

कल्चर यायला कित्येक आठवडे लागतात. शेवटी आलं. काहीच वाढलं नव्हतं. खोकलाही साध्या औषधाने कधीच थांबला होता. सासरचे फोन उचलेनात, तेव्हा मॅडम स्वतः वंदनाला घेऊन एसटीने अचलपूरला गेल्या. मीही गेले. सगळं ऐकून सासूने पोर पुढे केली. वंदनाने हात पसरले. पोर किंचाळली आणि आजीच्या गळ्याला बिलगली. आईला तिने ओळखलंच नाही.

परतीच्या गाडीत मॅडम पदराने डोळे पुसत होत्या. माझाही जीव तुटत होता.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत आणखी एक बाई आली. तिचाही कोर्स आधी झालेला, रिपोर्ट तसाच पुसट. "हाये का नाई?" तिच्या नवऱ्याने विचारलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, आज त्यांनी 'नाई' म्हणावं असंच मला वाटत होतं.

"आज सांगता येत नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बेडक्याची डबी त्या बाईपुढे केली.