बँडमधली एक जागा

पुण्यात नव्या टॉवरांमधल्या एका मोकळ्या प्लॉटवर शाळकरी मुलांचं बँडपथक सराव करतं. तिथेही आता इमारत होणार, म्हणून बातमीसाठी गेले होते. "मॅडम, जागाच गेली तर पथक टिकणार कसं?" ड्रमवाली मुलगी म्हणाली. तिच्या ड्रमच्या पट्ट्याला घामट कातड्याचा वास होता. प्रश्न रास्त होता, पण ड्रम तिच्या खांद्याला होता, म्हणून मला तिचा हेवा वाटला.

माझ्या लहानपणी भोरच्या आमच्या शाळेच्या बँडमध्ये ड्रमची एकच जागा उरली होती. माझ्या वर्गातली सुरेखा भोरचीच, मी लांबच्या हिर्डोशी गावची. दोघींनी सारखंच वाजवलं. सरांनी मला विचारलं, "तुझी एसटी कितीची?"

"साडेपाचची, सर. शेवटची."

"तालीम सहापर्यंत चालते गं." त्यांनी पट्टा सुरेखाच्या खांद्यावर चढवला.

"एसटी येईस्तवर तू वाजव की," सुरेखा म्हणाली.

"नगं मला."

निर्णय एसटीच्या वेळापत्रकाने घेतला होता, हे आज कळतं. तेव्हा मात्र सुरेखाचा हात एकदा तरी अडखळावा, एवढ्यासाठी मी फाटकाशी उभी राहिले. तो अडखळला नाही. सहा वाजता तालीम संपली, तेव्हाही मी तिथेच होते.