क्लबातला रिकामा खिळा

“नियम मी केला नव्हता, एल्विन.”

“दारात मात्र तूच उभा होतास.”

“सेक्रेटरी होतो मी. दुसरं कोण उभं राहणार?”

“मग आज कशाला आलायस? दार दुरुस्त करायला?”

शाळेच्या सामानखोलीत, चिखलाने माखलेल्या बुटांच्या ढिगाशेजारी, पन्नाशीला टेकलेले दोन दोस्त भांडत होते. इडवल हा अजूनही गावच्या रग्बी क्लबचा सेक्रेटरी. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी घेऊन आलेला. एल्विन प्रॉसर शाळेच्या संघाचा प्रशिक्षक. तो चेंडूंत हवा भरत होता, पण सगळा राग पंपावर निघाल्याने चेंडू दगड झाले होते.

एके काळी इडवलने चेंडू काढून द्यायचा आणि एल्विनने तो काखेत मारून सुटायचं, असा त्यांचा संसार. पंधरा जणांच्या रग्बीत एल्विन वेल्सकडून चार सामने खेळला. मग बापाच्या छातीत खाणीची धूळ बसली, घरची कमाई थांबली आणि एल्विन ‘उत्तरेला गेला’. तिकडे इंग्लंडात तेरा जणांची रग्बी होती, खेळायचे पैसे मिळायचे. वेल्सच्या त्या खाणींच्या खोऱ्यात ‘उत्तरेला गेला’ हे दोन शब्द मयताच्या निरोपासारखे हळू बोलले जात. त्या खेळातही तो वेल्सकडून नऊदा उतरला. जर्सी लालच, देश तोच. पण पैसे घेणाऱ्याला पंधरावाल्यांची जन्माची बंदी. सुट्टीला आल्यावर तो सवयीने क्लबात बियर प्यायला गेला, तर इडवलने दारातच हात आडवा घातला. त्या हातावरून एल्विनला आतली भिंत दिसली. वेल्सकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा लावलेला त्याचा फोटो गेला होता. खिळा तेवढा उरला होता.

बाप ग्विलिम, खाणीतून सुटल्यावर जन्मभर क्लबचं मैदान राखलेला माणूस, त्यानेही पुढे क्लबात पाय ठेवला नाही. म्हाताऱ्यालाही यांनीच हाकललं, हे एल्विनने मनाशी पक्कं केलं.

खेळ संपल्यावर तो परतला, शाळेत लागला. अकरा वर्षं त्याने संघ घडवला, पण बंदीमुळे कागदावर प्रशिक्षक म्हणून नाव भूगोलाच्या ट्यूडरबाईंचं. बाई मैदानाकडेला वह्या तपासत बसायच्या आणि संघ जिंकला की लोक धावत जाऊन त्यांचाच हात हातात घ्यायचे.

मागच्या वर्षी पंधरावालेही पैसे देऊ लागले, बंदी उठली. आता क्लबला प्रशिक्षक हवा होता. शनिवारच्या बैठकीआधी एल्विनने हो म्हणायचं आणि शाळेची पोरं सोडायची. याच निरोपाची त्याने इतकी वर्षं वाट पाहिली होती. पण निरोप आला, तर ना धड राग येत होता ना आनंद.

इडवलने टॉवेल सोडला. आत तोच फोटो.

एल्विनचा पंप थांबला. “हा तुम्ही जाळला नाहीत?”

“जाळायला मला वेड लागलंय? कपाटावर होता. बायको दर नाताळला पुसते.”

“म्हणजे भिंतीवरून तूच काढलास.”

“तुझ्या बाबांनी काढला.” इडवल बुटांकडे बघत म्हणाला. “तू गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी. स्टुलावर चढले, उतरवला, माझ्या हातात दिला. त्यांना येऊ नका असं कुणीही म्हटलं नव्हतं, एल्विन. तेच आले नाहीत.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. टोपी घातली नि गेले.”

“रागात होते?”

“ते कधी रागात नव्हते रे? गवतावरसुद्धा खेकसायचे.”

एल्विनने फोटो हातात घेतला. पोराची लाज वाटली म्हणून उतरवला, की दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागू नये म्हणून? ग्विलिमला जाऊन नऊ वर्षं झाली होती, विचारायचं कुणाला? एकवीस वर्षं जपलेला राग अचानक बेवारशी झाला. इडवलवर धरावा तर तो कपाटावर फोटो जपत होता. बापावर धरावा तर कशाबद्दल, हेच कळेना.

बाहेर पोरं मैदानावर जमून गलका करत होती.

“खिळा अजून आहे,” इडवल म्हणाला. “तिथे मी कुणाला काही लावू दिलं नाही. शनिवारी काय सांगू?”

“पोरं वाट बघतायत,” एवढंच म्हणून एल्विनने शिट्टी गळ्यात अडकवली. चेंडू धरावा तसा फोटो काखेत घट्ट धरला आणि तो मैदानाकडे निघून गेला. चेंडू तिथेच राहिले, इडवलच्या पायाशी.